ताणावर सोडलेली

दिनांक : ५ फेब्रुवारी २०२४

प्रति,
मा. पाहणी अधिकारी,
संत्रा बाग पुनर्लागवड कक्ष

विषय : ‘सोडलेली’ हा शेरा खोडून दोनशे बारा झाडे वाचवण्याबाबत.
संदर्भ : चौकातील फलकावर लावलेली आपली यादी, अ. क्र. १७.

महोदय,

अर्जदार पार्बताबाई देवीदास खेरडे, राहणार शेंदूरजनाघाट, सविनय सादर करते की, गेल्या महिन्यात आपले पाहणीदार श्री. शिवम बागेत आले. कोमेजलेली पाने पाहून त्यांनी चौकशी केली. अर्जदाराने खरे तेच सांगितले, “बाग ताणावर सोडली हाय, साहेब.” साहेब या कामात नवे. त्यांनी ‘ताणावर’ गाळले आणि ‘सोडलेली’ तेवढे लिहून घेतले.

२) ताण म्हणजे महिनाभर पाणी तोडणे. झाड वाढ थांबवते, अंगात जोर साठवते आणि पाणी मिळताच फुलते. अर्जदाराची सून दीपमाला बी.एस्सी. आहे. तिचे म्हणणे, उन्हाचा जोर पानात, पानातला फळात जाताना दर पायरीला बराचसा उष्णता होऊन विखुरतो आणि विखुरलेला कोणाच्या बापालाही गोळा करता येत नाही. म्हणून अर्जदार वर्षाला एकच बहार घेते, दुसरा झाडाला माफ. गळलेला पालाही मुळाशीच कुजू देते. यास आळस समजू नये.

३) यादीत ‘बाग’ हा शब्द छापायचा राहिला. फलकावर ‘पार्बताबाई देवीदास खेरडे – सोडलेली’ एवढेच आहे. शेजारणी सांत्वनाला आल्या व चहा पिऊन गेल्या. दर्यापूरहून बंधू देवराव जीपभर माणसे घेऊन आले आणि “हिले काहून सोडलं?” म्हणून अर्जदाराच्या पतीवर धावून गेले. पती तेव्हा मेथी निवडत होते. ते म्हणाले, “मी हिले सोडलं नाही, अन् हिनं बागेले सोडलं नाही.” जीपवाले जेवूनच परतले.

४) इथवर हसण्यावारी नेता येईल. परंतु ‘सोडलेल्या’ बागा उपटून नवी लागवड करायची म्हणून येत्या गुरुवारी झाडे उपटायला जेसीबी येत आहे. बावीस वर्षांपूर्वी अर्जदाराने ही कलमे स्वतःच्या हाताने लावली. तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाआधी त्यांना पाणी मिळाले आहे.

५) पाहणीनंतर ताण संपवून पाणी दिले आणि कालपासून बाग फुलली आहे. तरी जेसीबीच्या आधी आपण स्वतः यावे. पत्ता विचारण्याची गरज नाही, वास येईल तिकडे वळावे.

आपली नम्र व कोणीही न सोडलेली,
पार्बताबाई देवीदास खेरडे

सोबत :
पतीचे सहीनिशी निवेदन, एक.
फुललेली फांदी, एक. (फुले सुकण्याआधी निर्णय व्हावा.)