केकवरचं इंग्लंड

माबेला, मस्कत
शुक्रवार

आदरणीय रेहानभाई यांस अलीमियाँचा सलाम.

तुमचा गुडघा, भाभींची शुगर आणि ब्लॅकबर्नची थंडी ताब्यात असेल अशी आशा. इथे सगळे खुशाल आहेत. मी सोडून. मी संतापलेला आहे.

दुक्मच्या प्रोजेक्ट कॅम्पची मेस मी सांभाळतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्याकडे रिवाज असा की ज्या देशाचा दिवस, त्याच्या झेंड्याचा केक. परवा कॅम्प मॅनेजर हॅरिससाहेबांचा सेंट जॉर्जचा दिवस होता. (माझा करार वाढायचा तो याच माणसाच्या सहीवाचून अडलाय, म्हणून केक दोन मजली.) मी हौसेने ब्रिटनचा लाल-निळा झेंडा काढून घेतला. साहेबांनी सुरी खाली ठेवली. "अली, हा चार देशांचा मिळून. आज माझ्या इंग्लंडचा दिवस आहे." मग आमचा सोलापूरचा बेकर रमण याने निळं क्रीम खरवडून पांढऱ्यावरचा लाल क्रॉस तेवढा ठेवला, तो इंग्लंडचा. निळा रंग म्हणे स्कॉटलंडचा. स्कॉटलंड सिंकमधून वाहून गेलं तेव्हा कुठे साहेब हसले.

ते हसले म्हणून मी लाडात आलो. म्हटलं, माझी पुतणी माहनूरही इंग्लिशच, तिथेच जन्मली, मॅचच्या दिवशी गालावर हाच लाल क्रॉस रंगवते. साहेब अगदी मायेने म्हणाले, "ब्रिटिश असेल, अली. इंग्लिश वेगळं."

वेगळं! पोरीला धड मराठीत पाणी मागता येत नाही, रांगेत कुणी घुसलं तर तिला ताप चढतो, आणि ही इंग्लिश नाही? म्हणजे ब्रिटन ही पडवी. तिथे तुम्ही तीस वर्षं बसा, कर भरा, राणी गेली की रडा (भाभी दोन दिवस जेवल्या नव्हत्या), पण माजघरात पाऊल नको. इंग्लंडसाठी गोल मारणारा काळा पोरगा नव्वद मिनिटं इंग्लिश असतो. पेनल्टी चुकली की हेच लोक त्याच्या आजोबांचं गाव शोधायला निघतात. आणि सांगणारा स्वतः एकोणीस वर्षं ओमानात, अरबी येते ती 'यल्ला' आणि 'खलास' एवढीच! मी सगळं स्पष्ट सुनावलं. (किचनमध्ये, मिक्सर चालू करून.)

माहनूरला सांगा, चाचा तिच्या बाजूने उभा आहे.

तुमचा,
अलीमियाँ

ता. क. आमच्या बेगम जमिलाने पत्र वाचलं आणि विचारते, मस्कतच्या आपल्या कोकणी क्रिकेट संघातून रमणला कुणी काढलं? मी काढलं. महाराष्ट्रीय असेल, कोकणी नाही. ते वेगळं.

आणखी ता. क. पुढच्या महिन्यात पहिल्या शुक्रवारी माहनूर इथे येतेय, त्याच दिवशी साहेबांना घरी जेवायला बोलावलंय. कराराचा कागद सोबत आणतो म्हणालेत. तेवढं जेवण उरकून सही होईपर्यंत पोरीला ब्रिटिशच राहायला सांगा.