आमच्या ऑफिसातलं हळदीकुंकू

१२ जानेवारी २००८, शनिवार
लंडनच्या कंपनीचा मेल आला! इमारतींची ड्रॉइंग घरबसल्या तपासायची, पगार पौंडात. २५ तारखेला संध्याकाळी पाचला व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू. अट एकच: घरात शांत, स्वतंत्र ऑफिस हवं. 'आहे' म्हणून कळवून टाकलं. यात खोटं काही नाही. मी जिथे बसतो ते ऑफिस.

दिवाळीत आमची कंपनी बंद पडली तेव्हापासून मेहुणा गोवर्धन मागे लागलाय. भावोजी, भाईंदरला या, माझ्या भांड्यांच्या कारखान्यात बसा. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला मी एकही क्लास न लावता शिकलो. असा माणूस पातेल्यांवर नजर ठेवणार?

१४ जानेवारी
वेबकॅम आणला. दुकानदार म्हणाला, अंकल, लगाओ और चालू. अडाणी. प्रकाशाचा कोन कोण बघणार?

ट्यूबलाइटखाली डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात. टेबललॅम्प समोर ठेवून पाहिला. पिंकी म्हणाली, बाबा, चौकीत जबाब देताय असं वाटतं. मुलगी कॉमर्सची आहे. दुर्लक्ष.

मागे शोकेस, त्यात आईच्या औषधांच्या बाटल्या. भिंतभर निळी चादर ठोकली. आता खोली लंडनचीच वाटते.

१७ जानेवारी
आवाजावर काम सुरू. खर्जात बोलायचं, वाक्याच्या शेवटी थांबायचं. अडचणीचा प्रश्न आला तर 'लेट मी गेट बॅक टू यू.' बाथरूममध्ये पंधरा वेळा म्हटलं. बाहेर आलो तर आई काढा घेऊन उभी. घसा बसलाय ना रे, महिपत?

प्यायलो. कडू होता.

२० जानेवारी, रविवार
घरात कट शिजलाय. बायकोने, मनोरमाने, २५ तारखेलाच हळदीकुंकू ठेवलंय. मी इंटरव्ह्यूची तारीख सांगितली होती. तिचं म्हणणं, तिने तिची आधी सांगितली होती. (असेल. मी तेव्हा चादर ठोकत होतो.) बिल्डिंगभर आमंत्रणं गेली आहेत. म्हणाली, तुमच्या लंडनला सांगा, संक्रांत वर्षातून एकदाच येते.

शेवटी मी मार्ग काढला. बायका स्वयंपाकघरात, मी बाहेर. कॅमेऱ्यात भिंतच दिसणार. शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या, महिपतभाई, चिंता मत करो, हम मुंह पे ताला लगा के बैठेंगे.

नियोजन म्हणतात ते हे.

२३ जानेवारी
वेबकॅमचा आवाज डब्यातून आल्यासारखा. वेगळा माइक आणला, महागातला. चाचणी घेतली: आत स्वयंपाकघरात आई वाती वळत पुटपुटत होती, शब्दन् शब्द रेकॉर्ड झाला. (बहुतेक शब्द माझ्याबद्दल.) स्पष्टता अप्रतिम.

२५ जानेवारी, दु. ४.४०
कोट, टाय, चादर, लॅम्प, माइक: सर्व सज्ज. आत पंधरा बायका. हूं की चूं नाही. मनोरमाने तिळाची वडी दिली, म्हणाली, नीट होईल. मी वडी घेतली नाही. दातात अडकते.

सं. ७
उत्तम झाला. किरकोळ विघ्नं.

मुलाखत घेणाऱ्या शुभदा मॅडम. नाव आपलं, पण मी इंग्रजी सोडलं नाही. लाइन इतकी संथ की पहिल्याच मिनिटाला माझा चेहरा त्यांच्याकडे आ वासून गोठला. मॅडम म्हणाल्या, चित्र बंद करू या, आवाज पुरे आहे. चादर फुकट.

मग ड्रॉइंग. त्यांनी मुद्दाम दोन चुका पेरल्या होत्या. मी तीन काढल्या. मॅडम मनापासून हसल्या. मग विचारलं, ऑफिस कसं आहे? मी खर्जात सांगितलं, अगदी स्वतंत्र, कसला म्हणून व्यत्यय नाही.

नेमका तेव्हाच आत बायकांनी मनोरमाला नाव घ्यायला लावलं. तिने बिचारीने कुजबुजत घेतलं:

'वन रूम किचनला आमच्या एकच आहे दार,
महिपतरावांच्या ऑफिसात झोपतो आम्ही चार.'

मग पदरात दाबलेलं हसू. मग हंसाबेनचं शू शू. माइकने काहीही सोडलं नाही.

मग मॅडम स्वच्छ मराठीत म्हणाल्या, वहिनींना सांगा, उखाणा झकास होता.

मी म्हटलं, लेट मी गेट बॅक टू यू.

एकूण छाप चांगली पडली.

२९ जानेवारी
मेल आला. 'आपलं ड्रॉइंगचं ज्ञान उत्कृष्ट आहे. परंतु स्वतंत्र खोलीची अट शिथिल करता येत नाही.' म्हणजे माझी निवड झाली. खोलीची झाली नाही.

मनोरमाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी हळूच बोलले होते हो. डोळे पुसले. मी मोठ्या मनाने माफ केलं. त्यावर म्हणाली, पण खोटं मी बोलले का तुम्ही? मग उठून गोवर्धनला फोन लावला. मला विचारलंसुद्धा नाही.

४ फेब्रुवारी, सोमवार
कारखान्यात रुजू. पद: सल्लागार. (गोवर्धन सुपरवायझर म्हणतो.) पॉलिशची यंत्रं अखंड घरघरत असतात. पहिल्याच दिवशी कामगारांना गोळा करून अचूकपणाचं महत्त्व समजावलं. शांतपणे, योग्य जागी थांबत. एकानेही मध्ये तोंड घातलं नाही. सगळे आदराने माना डोलावत होते.

जेवणाच्या सुट्टीआधी गोवर्धन माझ्या कानाशी येऊन ओरडला, भावोजी, बिनधास्त बोलत जा! इथे कुणाला काही ऐकूच येत नाही!