साडीखाली वाळत घातलेला गाऊन

१९ एप्रिल ९६, नांदूरघाट
आज स्वयंपाक करताना पदर पिळला. खरंच पिळला, थेंब पडले. वर पत्रे, खाली चूल, अंगावर आहेरातली पॉलिस्टर साडी. एकला दुकान बंद करून सासरे नि हे आले. दारातच शर्ट खुंटीला. आप्पा नुसत्या धोतरावर, गळ्यात इष्टलिंग, बाकी उघडेबंब. लिंगाचा दोरा माझ्याही गळ्यात आहे, पण तो ब्लाउजच्या आत भिजून काचतो, दिसत कुणाला नाही.
कूलर ओसरीत. ओसरीत पुरुष उघडे बसतात म्हणून बायकांनी तिथं बसायचं नाही. झालं.
ह्यांच्या पाठीला वारा लागताना बघत उभी राहिले. ह्यांना वाटलं, प्रेमानं बघतेय. "काय गं?" म्हणाले, लाडात. प्रेम कसलं, जळत होते.

२० एप्रिल
परकराच्या नाडीखाली घामोळ्या, कमरेभोवती गोल. खाजवायचीही चोरी.
ही वही मापांची. पुढून गल्लीतल्या बायकांचे खांदे नि बाह्या, मागून माझं रडगाणं. बायकांची मापं आहेत म्हणून घरातला एकही पुरुष हिला हात लावत नाही. तेवढं बरं आहे.

२२ एप्रिल
नणंद आली लातूरहून. तोंडावर शोभाताई, वहीत शोभा. माझ्याहून दोन वर्षांनी लहानच आहे. पाणी प्यायच्या आधी साडी सोडली, पिवळा गाऊन चढवला नि ओसरीत, आप्पांच्या शेजारी, कूलरपुढं पाय पसरून! बायकांनी बसायचं नाही ते सुनांनी, हे आज कळलं.
आत्याबाई (सासूबाईंना इथं हेच म्हणायचं) चुलीपाशी येऊन म्हणाल्या, "लेक हाय. चार दिस माहेरी आली, घालू दे की मॅक्शी." मी कुठं काय बोलले होते? भाकरी थापत होते. जरा जोरात थापली असेल.

२५ एप्रिल
शोभाने बाजारातून निळं सुती कापड आणलं. सात मीटर. कटपीसवाला तुकडा फाडून देईना म्हणे.
"वैनी, मला एक गाऊन शिवा. उरल्याल्याचे उशीचे अभ्रे करा."
साडेतीनात तिचा बसतो. साडेतीन उरतं. माझा साडेतीनात बसतो.
उशांना अभ्रे आहेत घरात, रगड.

२७ एप्रिल
कापड दुहेरी घालून एकदमच कापलं. दोन्ही सारखे, माझा दीड इंच लांब. तिला तिचा दिला. "लई भारी बसला, वैनी!" बसणारच. माझा ट्रंकेच्या तळाशी.

२८ एप्रिल
दुपारी सगळे आडवे झाल्यावर मागच्या खोलीत कडी लावली नि घातला.
काखेला वारा. पोटाला वारा. गुडघ्यांच्या मागं वारा! लग्नाला सहा वर्षं झाली, आज मला कळलं की माझ्या गुडघ्यांना मागची बाजू आहे.
दहा मिनिटं. मग आत्याबाईंचा आवाज, "कडी कावून लावलीस गं?"
"कपडे बदलायलेय."
खोटं नव्हतं ते.

३० एप्रिल
ह्यांना सरळ विचारलं. घरातल्या घरात, दुपारी तेवढा, मीपण गाऊन घातला तर?
"आप्पा असतेत समोर. लाज हाय का न्हाई?"
हे बोलताना लुंगी गुडघ्याच्या वर, बनियन गळ्यापर्यंत गोळा केलेलं, पोट खाजवणं चालू. लाज कुणाला आहे ते दिसतच होतं.
शोभाही आप्पांसमोरच बसते, म्हटलं.
"ती लेक हाय."
आईने पढवला तसाच पोपट.

२ मे
मेले होते आज.
गाऊन धुतला. परसात दोरीवर टाकला, वरून माझी साडी. आमच्याकडं बायकांचं आतलं असंच वाळतं, साडीच्या आडोशानं. ह्यांच्या बनियनी पुढच्या दारी, सगळ्या गल्लीनं मोजाव्यात अशा. गाऊन काही आतलं नव्हे, पण माझा, म्हणून तोही साडीखाली.
वावटळ आली. साडी उडून गोठ्यावर. गाऊन दोरीवर, हात पसरून.
आप्पा तेवढ्यात परसात आलेले. त्यांनी गाऊनकडं पाहिलं, मग ओसरीकडं. तिथं शोभा, अंगावर तोच निळा.
"ह्यो दुसरा कुनाचा?"
आत्याबाई माझ्याकडं बघायलेल्या.
शोभा उठून आली. "माझाच हाय, आप्पा. एका कापडात दोन शिवून घेतले." दोरीवरनं काढला, घडी घातली नि स्वतःच्या बॅगेत ठेवला.
तिनं वाचवलं. तिचे उपकार मानायला हवेत. पण ती बॅग अशी डोळ्यापुढून हलत नाही.

३ मे
आज घातला तिनं. माझा. दीड इंच फरशीवर घासत होता.
"घालावाच लागंल की वैनी, न्हाई तर आप्पांला कळंल," हळूच म्हणाली नि हसली. मीही हसले. आतून कोळसा.
तिला पिवळा, निळा नि माझा. आणि मला पदर.

९ मे
जावई न्यायला आले. पाच मिनिटं झाली नसतील, आप्पा म्हणतात, "शर्ट काढा जावईबापू, लई उकडतंय." काढला की लगेच! कूलरचं तोंडही त्यांच्याकडं फिरवलं.
आणि शोभा? नवरा आला म्हटल्यावर साडी, पदर, बांगड्या, थेट चुलीपाशी, माझ्या शेजारी. तिच्या बापाच्या घरात!
मला इतका आनंद झाला. लिहायला लाज वाटते पण झाला. आंबे पिळताना चक्क गुणगुणले. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता तो बघितला, वारा घालायला सूप हातात होतं, नाही घातला.
मग तीच म्हणाली, "सासरी एकदा घातलता. दीर बघून हसले, सासूनं चुलीत घातला. आता वर्साचे पंधरा दिस, हितंच. ह्यांना म्हाईत बी न्हाई."
सूप उचललं मी. वारा घातला.
घालता घालता मनात येतच होतं, पंधरा दिवस तरी मिळतात की.

११ मे
शोभा गेली. निघायच्या आधी तिन्ही गाऊन जुन्या चादरीत बांधून माझ्याकडं दिले. "तुमच्या ट्रंकेत ठेवा, वैनी. तिकडं सापडले तर बोलतेत." गाडी सुटताना मला जवळ घेतलं. ती साडीत, मी साडीत, दोघी घामानं चिकट.
ट्रंकेची किल्ली माझ्याकडं. आत्याबाई म्हणाल्या, लेक गेली, आता तू माहेरी जाऊन ये आठ दिस.

१४ मे, नेकनूर
आले बाई. एसटीतून उतरून घरात पाय ठेवला, आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, म्हटलं थांब. आधी साडी सोडली. निळा घातला, माझा, दीड इंच लांबवाला. मग पाणी प्याले.
अण्णा बनियनवर बसलेले, पेपर वाचत. वर बघून म्हणाले, "वाळलीस गं." बस्स. गाऊनबद्दल चकार शब्द नाही.
बैठकीत पंख्याखाली चटई टाकून पडले. आत रेखा, धाकट्या भावाची बायको, चुलीपाशी. गेल्या वर्षीच लग्न झालं.

१५ मे
झोपले, उठले, आंबे खाल्ले, झोपले. आईनं पाठीच्या घामोळ्यांना चंदन लावलं.

१६ मे
दुपारी चटईवर पाय पसरून बसले होते. अण्णा नि भाऊ उघडे, इलेक्शनच्या गप्पा. आतून भाकरी थापल्याचा आवाज आला. जरा जोरात.
तो आवाज मला पाठ आहे.

१७ मे
रेखा चहा घेऊन आली. डोक्यावर पदर, वरच्या ओठावर घाम. कप ठेवला पण हलेना. माझ्या बाहीकडं बघत होती.
"ताई, ह्येला कापड किती लागतं?"
"साडेतीन मीटर."
"माझ्याकडं चार हाय. आईनं दिल्यालं, कुनाला दावलं न्हाई. तुमी सासूबाईंला बोलला तर त्या न्हाई म्हननार न्हाईत."
खरं आहे. आई माझं ऐकते. संध्याकाळी आईनंच विषय काढला, "रेखाला बी शिवतीस का एखादा? तू म्हनशील तसं. तुझ्या अण्णाला मी सांगते."
किती सोपं. माझ्या एका 'हो'वर.
आणि माझ्या तोंडून निघालं, "बघू."
का म्हणाले? खरं लिहिते. मला आवडलं नाही. वर्षाचे आठ दिवस, एवढी एक चटई, एवढा एक वारा माझा. तिनंही घातला तर ती नि मी सारख्याच. मग माहेरी येऊन मला वेगळं काय मिळालं?
शोभालाही असंच वाटत असेल का? पण तिनं दोरीवरचा 'माझाच' म्हटला होता.

१८ मे
सकाळी आईच्या मशिनवर कापड ठेवलेलं दिसलं. पांढऱ्यावर हिरवी पानं. वर टेप, नीट गुंडाळून. रेखानंच ठेवलं असणार.
वही पुढून उघडली. नवं पान. वर लिहिलं: रेखा. खाली खांदा, छाती, बाही, उंची. पुढं आकडे नाहीत.
तीन दिवसांनी मी जाणार. ती मघापासून दोनदा दाराशी येऊन गेली, पदर सावरत. मी निळ्या गाऊनमध्ये, पंख्याखाली, वही उलटी करून मागून हे लिहीत बसलेय. आता तिसऱ्यांदा आली. उभी आहे.