दोन आणि तीन नंबरची वायर

बाबा,

उठल्या उठल्या परत बॉनेट उघडू नका. गाडीला काही झालेलं नाही. वायरी मी आत्ताच जागच्या जागी लावल्या आणि किल्ली फिरवताच ती चालू झाली.

काल तुमचं काहीच चुकलं नव्हतं. दुकानदार महागडे प्लग गळ्यात मारत होता, तरी "जुन्या गाडीला तिचेच साधे प्लग लागतात" म्हणून तुम्ही अडून बसलात, ते बरोबरच होतं. प्लगच्या वायरीही एकेक करूनच काढून परत लावल्यात. तुम्ही हात धुवायला आत गेलात, तेव्हा दोन आणि तीन नंबरच्या वायरींची अदलाबदल मी केली. त्या उलटसुलट लागल्या की इंजिन खोकत बसतं, हे तुम्हीच शिकवलेलं.

परवा वळणावरची सायकलवाली तुम्हाला दिसलीच नाही. मी ओरडले म्हणून ब्रेक लागला. घरी येऊन तुम्ही तो विषय काढला नाहीत, आणि "आता गाडी चालवू नका" म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हणून हा उपद्व्याप.

पण काल जेवताना तुम्ही म्हणालात, "माझा हात गेला गं पोरी, विकून टाक गाडी." तेव्हाच सांगायला हवं होतं. मी भात कालवत बसले.

हात शाबूत आहे, बाबा. डोळे दाखवायला संध्याकाळी जाऊ. गाडी मी चालवेन, तुम्ही शेजारी बसून माझ्या चुका काढा.

किल्ली बरोबर नेतेय. या वेळी सांगून.

चिमणी