सागरहून येणारा शत्रू

३ नोव्हेंबर, सोमवार
झालं! ऑफिसचे बडे बाबू विष्णूजींनी कॉलेजच्या जिन्यातच गाठलं. ‘मॅडम, तबादला सूची आ गई. सागर से कोई पटेरिया सर आ रहे हैं, आपके सब्जेक्ट में.’ आणि मान खाली घातली, माझ्या घरचं कोणी गेल्यासारखी.

म्हणजे बदली होऊन ते इथे, मी बाहेर. अतिथी विद्वान! इतकी वर्षं सैन्यविज्ञान शिकवतेय, तरी पाहुणीच. कायमचा माणूस आला की पाहुणीनं ताटावरून उठायचं.

४ नोव्हेंबर
विपुल म्हणतो, ‘काहून एवढी घाबरून राहिली, प्रणोती? दुसरं कॉलेज भेटेल न.’ भेटेल म्हणे! नवऱ्याची नोकरी डिफेन्स फॅक्टरीतली, पक्की. त्याला काय कळणार? सैन्यविज्ञान शिकवणारी कॉलेजं आहेतच किती? आणि मला दुसरं काही येत नाही. खरंच येत नाही.

६ नोव्हेंबर
दुसऱ्या वर्षाला आज प्राचीन चीनची युद्धनीती. माझा आवडता पाठ. न लढता जिंकतो तो खरा सेनापती. शत्रूची पुरती माहिती काढल्याशिवाय पाऊल उचलू नये. फसवणूक हेही हत्यारच – बळ असेल तर झाकावं, नसेल तर आहे असं भासवावं. पुढच्या बाकावरच्या अंजनीनं विचारलं, ‘मॅम, ये सब आज भी चलता है?’ ही पोरगी रोज कुंडमहून बसनं येते. ‘चलता है,’ म्हटलं. आवाज माझा मलाच पोकळ वाटला.

घरी येऊन चहा गार होईपर्यंत बसून राहिले. मग एकदम वाटलं – एवढं शिकवतेस, तर कर की!

७ नोव्हेंबर
विष्णूजी माझे हेर! पटेरिया सर भिडस्त आहेत. पोटाचं दुखणं. मुलगी इथे जबलपुरात दिलेली. कटकट नको, शांत कॉलेज हवं, म्हणून बदली मागितली. कोणाशी भांडण नाही, कोणाची शिफारस नाही. असा शत्रू सोपा. विष्णूजींनी माझा नंबरही त्यांना देऊन टाकला.

१० नोव्हेंबर
फोन आला! आवाज अगदी मऊ. ‘बेटा, वहाँ डिपार्टमेंट कैसा है?’ येणारा माणूस असं विचारतोच, सगळेच विचारतात. आणि मी गोड आवाजात सांगत गेले. विद्यार्थीच नाहीत, सर. हजेरीपटावर नावं, वर्गात काळं कुत्रं नाही. प्रवेशांसाठी गावोगाव हिंडावं लागतं, तेही उन्हात. खोली गळते. सगळं खोटं! खोली तेवढी गळते.

वेढ्यात सापडलेल्याला एक बाजू मोकळी ठेवावी म्हणजे तो लढत नाही, पळतो. तीही ठेवली. म्हटलं, सर, जॉइन करायच्या आधी अर्ज दिला तर बदली रद्द होते. ‘अच्छा?’ म्हणाले.

लाज वाटली का? नाही. इथे कशाला खोटं लिहू.

१८ नोव्हेंबर
बदली रद्द!! एक बाण न सोडता जिंकले! विपुलसोबत ग्वारीघाटला जाऊन नर्मदेत दिवा सोडला. ‘आता तरी हस न,’ म्हणाला. हसले. मनातून काही बरं वाटत नव्हतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार
हात चालत नाहीये. तरी लिहिते.

प्राचार्या हेमलता मॅडमनी बोलावलं. बदली रद्द करायची तर कारण लिहावं लागतं. पटेरिया सरांनी लिहिलं – भल्या माणसानं त्याला खरं वाटलं तेच लिहिलं – ‘वर्तमान अतिथी विद्वान के अनुसार विषय में छात्र नहीं हैं.’ आणि पुढे कंसात माझं नाव! भोपाळच्या खात्याला निमित्तच हवं होतं. पुढच्या सत्रापासून विषय बंद. पद दुसऱ्या जिल्ह्यात.

मॅडम म्हणाल्या, ‘मी भांडली असती ग, प्रणोती. पोरं आहेत म्हणून दाखवलं असतं. पण तूच नाही म्हणून सांगितलं, तर मी काय बोलू?’

मी टेबलावरच्या काचेकडे बघत उभी राहिले. मॅडमनी पाणी दिलं. प्यायले.

२७ नोव्हेंबर
वर्गात सांगावं लागलं. पुढच्या वर्षी तुम्हाला राज्यशास्त्र. तास संपल्यावर अंजनी थांबली. ‘मॅम, मैंने तो इसी सब्जेक्ट के लिए इतनी दूर एडमिशन लिया था. घर पे सबसे लड़कर.’ मी म्हटलं, ‘ऊपर से आदेश है, बेटा.’ हेही अर्धं खोटंच.

घरी आल्यावर विपुलला सगळं सांगितलं. त्यानं ताट वाढलं. मग म्हणाला, ‘जेवून घे.’

२९ नोव्हेंबर
आज काही नाही. उद्याही नसेल.

५ डिसेंबर, शुक्रवार
पटेरिया सरांचा फोन. वाटलं, कळलं असेल, आता बोलणार. ऐकून घ्यायची तयारी होती. म्हणाले, ‘थँक्यू, बेटा. अच्छा हुआ तुमने सब बता दिया. मार्च में तो रिटायर ही हो रहा हूँ. इतने से दिनों के लिए कौन सामान ढोता!’

मार्चमध्ये! म्हणजे ते आले असते, तरी जुलैत नव्या सत्राला जागा रिकामीच असती, आणि मी पुन्हा तिच्यावर. सगळं विचारलं होतं त्यांच्याबद्दल. वय विचारलं नव्हतं.