आटलं तर गोडं, काढलं तर खारं

मी, खाली सही करणारी, विधवा, निवृत्त भूलतज्ज्ञ, हे मृत्युपत्र राहत्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. अशा कागदात ‘पूर्ण शुद्धीत’ असे लिहावे लागते. शुद्ध म्हणजे काय हे मला जरा जास्तच ठाऊक आहे. ती घालवणे आणि परत आणणे हाच माझा धंदा होता. तर आज मी शुद्धीत आहे. कोणाचे दडपण नाही. भीती मात्र आहे, आणि भीतीपोटी केलेली मृत्युपत्रे बाद ठरत असतील तर फारच थोडी शिल्लक राहतील.

उद्या मी रुग्णालयात भरती होणार आणि परवा माझ्या हृदयाची झडप बदलणार. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगीच मला भूल देणार आहे. ती हुशार आहे. तरी तिने संमतीचा कागद पुढे केला तेव्हा मी तो न वाचताच सही केली, कारण त्यावर लिहिलेला प्रत्येक धोका मी कधी ना कधी डोळ्यांनी घडताना पाहिलेला आहे. मरण्याची भीती वाटते, हे इथे लिहून ठेवते. तोंडाने कोणाला सांगायचे धाडस नाही.

पण त्याहून मोठी भीती वन्संची आहे. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. लग्न केले नाही, शाळेत शिवण शिकवले, आणि भावाच्या घरी, म्हणजे या घरी, उभे आयुष्य काढले. यजमान गेल्यापासून आम्ही दोघीच. मी गेले तर वन्सं कुठे जाणार, हा एकच प्रश्न या कागदाच्या मुळाशी आहे. बाकीची कलमे त्याच्याभोवती गोळा झालेली समजावीत.

घर. हे माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझ्यामागे माझ्या मुलाला मिळावे, पण वन्सं हयात असेपर्यंत त्यांचा इथे राहण्याचा हक्क कोणीही काढून घेऊ नये. त्या असेपर्यंत घर विकू नये, भाड्याने देऊ नये, ‘थोडे दिवस’ म्हणूनही रिकामे करू नये. मुलगा वाईट नाही. त्याला सगळे आवरून ठेवायची सवय आहे, आणि ती मीच लावली. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाला, “आई, आत्यासाठी एक छान जागा बघून ठेवलीय. तुझं ऑपरेशन होऊ दे, मग बोलू.” त्याच्या त्या ‘मग’ने माझी झोप उडाली.

नुसता हक्क देऊन भागणार नाही, हेही मी जाणून आहे. यजमानांचे दिवस होताच वन्संनी स्वतःची बॅग भरून दारात आणून ठेवली होती. फुकट बसून खायची त्यांना लाज वाटते. भाच्याने प्रेमाने ‘आत्या, चला’ म्हटले की त्या उठून चालू लागतील. त्यांना हक्क दिला तर त्या घेणार नाहीत, काम दिले तर सोडणार नाहीत. म्हणून पुढचे कलम.

टाकी. दिवाणखान्यातली खाऱ्या पाण्याची टाकी, तिच्यातले खडक, खडकांवर चिकटलेले सगळे लहानमोठे जीव, आणि म्हातारबा नावाचा नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला मासा, हे सर्व मी वन्संना देते. ही टाकी यजमानांची. ती भरलेली हलवता येत नाही, आणि रिकामी केली तर आतले काही वाचत नाही. सबब ती आहे तिथेच राहील आणि तिचे पाणी बदलणारी व्यक्तीही तिथेच राहील. टाकीत जीव उरला आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार फक्त वन्संना आहे. मुलाने काचेवर टकटक करून निकाल देऊ नये.

आता पाण्याबद्दल. वन्सं, हे तुमच्यासाठी आहे, म्हणून सरळ तुम्हालाच लिहिते. नळाचे पाणी घेऊ नका. त्यातले जंतुनाशक माशालाही जंतूच समजते. गाळणीच्या यंत्रातले शुद्ध पाणी निळ्या बादलीत घ्या आणि त्यात समुद्री मीठ घाला. स्वयंपाकाचे मीठ चुकूनही नको. आधी पाणी, मग मीठ. उलटे केले तर तळाशी पांढरा चिखल बसतो आणि तो काही केल्या विरघळत नाही. छोटा पंप सोडून दुसऱ्या दिवसापर्यंत फिरू द्या. टाकीइतके कोमट करा, आणि ते तापमापकाने बघा, तुमच्या कोपराने नव्हे. मग एक थेंब यजमानांच्या ‘दुर्बिणी’वर, म्हणजे खारेपणा मोजायच्या नळकांड्यावर, टाकून खिडकीकडे धरा. निळ्या आणि पांढऱ्याची सीमा पस्तीसच्या रेघेवर आली की पाणी तयार.

टाकीतले पाणी काढायच्या आधी हीटर बंद करायचा. पाण्याबाहेर उघडा पडला तर तडकतो. पाणी नळीने काढायचे, तोंडाने ओढायचे नाही. तुमचे दादा एकदा ओढायला गेले आणि दिवसभर थुंकत बसले, आठवते ना. एका वेळी फार तर दहावा हिस्सा. सगळे पाणी कधीच बदलायचे नाही. जुन्या पाण्याची सवय झालेली असते, माशाला काय आणि माणसाला काय. नवे ओतताना मी सलाईनची नळी लावते, धार बारीक ठेवायला. ती खिळ्यावर टांगलेली आहे.

आणि पांढरी बादली. तिच्याबद्दल लिहिताना माझाच हात अडतो. यजमान शेवटचे रुग्णालयात गेले तेव्हा जाताना बहिणीला एवढेच म्हणाले होते की टाकीतले पाणी कमी होऊ देऊ नकोस. कोणते पाणी घालायचे ते सांगायचे राहिले. वन्सं रोज टाकीपुढे उभ्या राहायच्या आणि आटले तेवढे भरून काढायच्या. खाऱ्याच्या जागी खारे, निळ्या बादलीतून. शिवणातही त्यांनी कधी तांबड्या कापडाला दुसऱ्या रंगाचा दोरा लावला नाही. पण आटते ते नुसते पाणी, मीठ मागे राहते. टाकी दिवसेंदिवस खारट होत गेली आणि मासे एकेक करून तळाशी आडवे झाले. म्हातारबा तेवढा उरला. त्याच आठवड्यात यजमानही गेले.

मी रुग्णालयातून घरी आले तेव्हा वन्सं टाकीपुढे खाली बसल्या होत्या. म्हणाल्या, “वहिनी, माझ्या हातून भूल झाली.” आयुष्यभर शस्त्रक्रियेच्या खोलीत मला ‘भूल झाली का?’ असेच विचारत आले. मी सवयीने ‘झाली, सुरू करा’ असे म्हणणार होते. ते ओठांवरच राहिले, आणि वन्संनी माझे गप्प बसणे दोषारोप समजून मनाला लावून घेतले. त्या दिवसापासून त्यांनी टाकीच्या पाण्याला हात लावला नव्हता, मी बदलताना दुरून बघत मात्र असत. मासे आणि भाऊ यांची त्यांनी मनात कुठेतरी एकच गाठ मारली आहे. वन्सं, दादांचे फुफ्फुस निकामी झाले होते. त्यात कोणत्याही बादलीचा हात नव्हता. हे मी एक डॉक्टर म्हणून लिहून देते.

यजमानांचे वाक्य टाकीच्या कडेला चिकटवून ठेवले आहे: आटलं तर गोडं, काढलं तर खारं. जे आपसूक उडून गेले ते पांढऱ्या बादलीतल्या साध्या पाण्याने भरा. जे आपण नळीने काढले ते निळ्या बादलीतल्या खाऱ्याने. एवढेच.

किरकोळ. स्टेथोस्कोप भूल देणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीला, परवाचा निकाल काहीही लागो. मला उभ्या नोकरीत ‘भूलवाल्या बाई’ म्हणणाऱ्या सर्जनना काहीही नाही. त्यांना माझे नाव ठाऊक नसल्याने कागदपत्रांत अडचण येईल. खालच्या मजल्यावरचे पेन्शनर गृहस्थ छताला ओल आली म्हणून वर्षानुवर्षे जिना चढून येत आहेत. त्यांना टाकी पुसायचे सगळे जुने टॉवेल देणार होते, पण साक्षीदार म्हणून ऐन वेळी तेच सापडले, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे वकिलांनी बजावले. सबब टॉवेलांचे कलम रद्द.

यावरूनच आज सकाळी घरात रुसवा झाला. साक्षीदार हवेत म्हटल्यावर वन्संनी चष्मा पुसून पेन हातात घेतले होते. मी ते काढून घेतले. कारण सांगता येईना, सांगितले असते तर बॅग पुन्हा दारात आली असती. त्या चष्मा डबीत घालून आत गेल्या. मला वाटले, झाले, उद्या मी भरती होणार आणि ही बाई माझ्याशी अबोला धरून मागे राहणार. ते भय झडपेच्या भयाहून वेगळे होते आणि जास्त बोचले.

मग दिवाणखान्यातून पंप बंद झाल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तो वन्सं, मी कालपासून पाणी फिरत ठेवलेली निळी बादली स्टुलावर चढवून उभ्या. हीटर बंद केलेला. नळीने पाणी काढून झालेले, टाकीच्या काचेवर जुनी रेघ उघडी पडलेली. दुर्बीण त्यांनी माझ्यापुढे धरली. मी डोळा लावला नाही, म्हटले, तुम्हीच सांगा. त्यांनी खिडकीकडे धरली, बराच वेळ बघितले आणि पस्तीस म्हणाल्या. सलाईनची नळी बादलीत सोडताना थोडे पाणी माझ्या पायांवर सांडले. म्हातारबा वर येऊन बघत होता.

“वहिनी, जाऊ नका हं,” त्या म्हणाल्या. “इथंच थांबा.”

“इथेच आहे,” मी म्हटले.

डोळे मिटण्याआधी प्रत्येक रुग्णाला मी हेच सांगत आले. आज ते म्हणताना मला समोर वन्सं दिसत होत्या आणि परवाचे टेबलही. धार पडत राहिली. टाकी जुन्या रेघेपर्यंत भरली तेव्हा वन्संनी नळीला चिमटा लावला आणि म्हणाल्या, “परवा मी दाराबाहेर बसेन. तुम्हाला ऐकू येणार नाही, पण ‘इथंच आहे’ म्हणत राहीन.” मला रडू आले, आणि ते मी आवरले नाही.

वरील सर्व मी लिहिले, वाचले, आणि ते मला मान्य आहे.

ठिकाण: टाकीसमोर.
दिनांक: भरती होण्याचा आदला दिवस, दुपार.

सही: निवृत्त भूलतज्ज्ञ

साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे पेन्शनर गृहस्थ (सही करताना छताचा विषय काढला)
साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरचे चष्मेवाले

टीप: या कागदावर वन्संची सही नाही. साक्षीदाराला काही मिळत नाही, आणि वन्संना इथे राहायचे आहे.