राजाची दाढी, राणीची चाल

तीर्थरूप बाबांना दमलेल्या लेकीचा नमस्कार.

मी बरी आहे. घसा थोडा बसलाय, पण आईला सांगू नका. तुमचा गुडघा काय म्हणतोय?

आमचं नाटक चारशे वर्षांपूर्वी एका बाईनं लिहिलंय. तिच्या गावात बायकांना रंगमंचावर बंदी होती, म्हणून तिनं ते घरातच बहिणींना वाचून दाखवलं. उद्या ते पहिल्यांदा रंगमंचावर येतंय. सगळी कामं आम्ही बायकाच करतोय. मी राजा आहे. दाढीच्या गोंदानं हनुवटी पार सोलून निघालीये.

काल तालमीत सिंहासनाची पायरी चढताना अंगात तुमान असूनही मी सवयीनं दोन्ही हातांनी झग्याचा घोळ उचलला. दिग्दर्शिका म्हणाली, "महाराज, झगा कुठाय?" सगळ्या खो खो हसल्या. मला मात्र रडूच आलं, इतकी थकलेय.

मग तुम्ही आठवलात. गावच्या नाटकात बायकांना घेत नसत म्हणून तुम्ही राणी झालात, तेव्हा पाय फेंगडे करून बसायचात. आईनं आठवडाभर स्वयंपाकघरात तुम्हाला बसायला, चालायला शिकवलं. टाळ्या तुम्हाला मिळाल्या.

त्या प्रयोगाला आई कुठे बसली होती, बाबा? मी विचारलं की ती विषय बदलते. तुम्हालाही ठाऊक नसेल तर तिला एकदा विचाराल?

तुमची,
दाढीवाली लेक